खाली घेतलेला उंबरठा

उन्हाळ्यात आमच्या बोदवडला घरोघरी बिबडे करतात. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचे हे मोठे पापड धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, धोतरं पसरून त्यांवर वाळत घालायचे. आमचं घर जुनं, मातीच्या धाब्याचं, आणि वर जायला बाहेरच्या ओट्यावरून एक लाकडी शिडी लावलेली असायची. त्या दिवशी दुपारी वारा सुटला, बिबड्यांची धोतरं उडायला लागली, म्हणून त्यांच्यावर दगड ठेवायला मी वर गेले. उतरताना शिडीचा पाय ओट्यावरून सरकला आणि मी पाठीवर, ओट्याच्या दगडी कडेवर पडले.

पडल्यावर दुखलं नाही, याचंच मला नवल वाटलं. एक चप्पल कुठेतरी उडाली असेल म्हणून मी पडल्या पडल्या मान वळवून तिला शोधत होते. शेजारीण म्हणाली, "अगं, दोन्ही तुझ्या पायातच हायेत."

तेव्हा मी तिशीची होते. मुलगी आणि मुलगा शाळेत जात होते. हे भुसावळला एका कारखान्यात फिटर होते, सकाळच्या गाडीने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. घरात सासूबाई होत्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, त्यांचा मुलगाही आणि गल्लीही. आणि गल्लीत माझी ओळख मांड्यांसाठी होती. मांडा म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत, फिरवत फिरवत रुमालाएवढा मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. हात जरा चुकला की फाटतो. माझा सहसा फाटत नसे.

जळगावच्या दवाखान्यातून मला मुंबईला हलवलं. तिथे मी कित्येक महिने होते. मणक्याला मार बसला आहे, कमरेखालची शक्ती परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ह्यांनी तोंड फिरवलं. मी मात्र डॉक्टरांकडेच बघत राहिले, कारण मला वाटत होतं की ते अजून काहीतरी सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं ते तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत फळीवरून कसं सरकायचं, हातांवर जोर देऊन अंग वरचेवर उचलून कसं धरायचं, म्हणजे बसून बसून जखमा होत नाहीत, लघवीची नळी कशी सांभाळायची, सगळं त्यांनी शिकवलं. त्या दवाखान्यात दारं रुंद होती आणि जमीन सगळीकडे सपाट. मी खुर्ची चालवत व्हरांड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायची. निघताना बाई म्हणाल्या, "इथे तुम्ही चांगल्या फिरता. घरी काय आहे ते मला माहीत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल."

घरी काय होतं ते मी दारातच बघितलं. ओट्याला उंच दगडी पायऱ्या, पुढे जाड लाकडी उंबरठा, आतली दारं एवढी अरुंद की डोक्यावर हंडा घेतलेली बाई कोपर सांभाळून जायची. मोरी एका पायरीने खाली आणि संडास घरात नव्हताच. बायका पहाटे गावाबाहेर जायच्या. ह्यांनी आणि माझ्या दिरांनी मला उचलून आत नेलं आणि मधल्या खोलीत खाटेवर ठेवलं. खुर्ची बाहेर ओट्यावर राहिली. कुणीतरी तिच्यावर गोणपाट टाकलं.

पुढचे काही महिने मी त्या खाटेवर होते. अक्का माझं सगळं करायच्या. त्यांचं वय झालेलं, गुडघे दुखायचे, तरी मला पुसायच्या, कूस बदलायच्या, भांडं लावायच्या, आणि एकदाही कपाळाला आठी नाही. त्यामुळे तक्रार तरी कुणाजवळ करणार? बायका भेटायला यायच्या, खाटेजवळ बसायच्या आणि माझ्यासमोरच अक्कांना विचारायच्या, "खाते का नीट? झोपते का?" मी तिथे नसल्यासारखं. मुलगी शाळेतून आली की आधी आत डोकवायची आणि मग दप्तर ठेवायची. तिचं ते डोकावणं मला सोसेना.

ह्यांना मी म्हणाले, "दारं मोठी करून घेऊ."

ते म्हणाले, "कशाला? तुला लागेल ते हातात देतो आम्ही."

त्यांचं चुकत होतं असं नाही. त्यांना खरंच तसंच वाटत होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना खुर्ची झटकून, उचलून आत आणायला लावली. म्हटलं, "आज दिवसभर तुम्ही यात बसायचं. पाय जमिनीला लावायचे नाहीत."

ते हसले. मुलंही हसली. अक्का मात्र चिडल्या. "ऊठ त्याच्यातून. चांगल्या माणसानं बसाचं नही असल्यात."

"बसू दे अक्का," हे म्हणाले, "एका दिवसानं काय होतं?"

थोड्या वेळाने त्यांना तहान लागली. माठ स्वयंपाकघरात. खुर्ची दाराशी नेली तर चाकं चौकटीला अडली आणि बोटं दोन्हीच्या मध्ये सापडली. त्यांनी मुलीला हाक मारली, "पाणी आण गं." मी म्हणाले, "नाही. तुमचं तुम्ही घ्या." ते पुन्हा दाराशी गेले, खुर्ची तिरकी केली, पुन्हा सरळ केली. दुपार झाली. मोरीकडे जायची वेळ आली. मोरीच्या पायरीशी येऊन ते थांबले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले, पाठमोरे. मी खाटेवरून बघत होते. शेवटी ते उठले, हातपाय धुऊन आले आणि माझ्याजवळ बसले. बोटांची सालं निघाली होती.

"तू रोज..." एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "उद्या रजा टाकतो. गवंड्याला बोलावू. तू सांग कसं कसं पाहिजे."

मी सांगितलं. खाटेवर पडून दुसरं काय केलं होतं इतके महिने? सगळं घर मी मनात पाडून पुन्हा बांधलं होतं. मधल्या दाराची चौकट काढून टाकायची आणि तिथे नुसता पडदा लावायचा. मोरी भरून वर घ्यायची. मागच्या अंगणात, मोरीला लागून संडास बांधायचा. ओट्याला उतार करायचा. आणि उंबरठा काढायचा.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. संडासाचं नाव निघालं तेव्हा त्या ताठ झाल्या. "घराले लागून? तठून चूल किती दूर राह्यली? आणि मी करतेच ना तिचं बठ्ठं. मी काही म्हटलं का?"

मी म्हणाले, "अक्का, तुम्ही काही म्हटलं नाही. म्हणूनच मला लाज वाटते. हे एवढं तरी मला माझं माझं करू द्या."

 त्यांनी संडासाला पुन्हा विरोध केला नाही. पण उंबरठ्यावर अडल्या त्या अडल्याच. दर दिवाळीला त्या उंबरठ्याला हळदकुंकू लावून आत लक्ष्मीची पावलं काढायच्या. त्याच उंबरठ्यावर ठेवलेलं माप लवंडून त्या या घरात आल्या होत्या, आणि त्यांच्यानंतर मी. "माहा ओटा तोडा, मले काही नही," त्या म्हणाल्या. "उंबरठा काढाचा नही. बिनउंबरठ्याचं घर म्हंजे काय घर हाये?"

हे आईला समजवायला गेले, आवाज चढला, आणि काम थांबलं. गवंडी येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मधली चौकट निघाली होती, मोरी भरून झाली होती, आणि घरातल्या घरात मी फिरायला लागले होते. पण बाहेरच्या दाराशी आलं की चाक लाकडाला टेकायचं आणि संपलं. मी तिथे बसून रस्ता बघायची. अक्का ओट्यावर बसलेल्या असायच्या, त्यांची पाठ माझ्याकडे. आम्हा दोघींत तो वीतभर उंचीचा उंबरठा.

एक दिवस सकाळी गवंडी चहा पीत असताना अक्का आपण होऊन त्याच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "काढू नको. खाली घे त्याले. जमिनीत."

गवंड्याला कळेना. अक्कांनी काठीने दाखवलं. जमीन खोदायची, उंबरठा त्यात बसवायचा, वरची बाजू फरशीच्या बरोबरीला आणायची. राहील जिथल्या तिथे, पण आडवा येणार नाही.

ह्यांनी विचारलं, "चालेल का अक्का तसं?"

"न चालाले काय झालं? लक्ष्मीले चढूनच यावं लागते असं कोनं सांगलं?"

त्यांनी स्वतः त्या खड्ड्यात हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली, आणि मग सुताराने ते जुनं, गुळगुळीत झालेलं लाकूड आत उतरवलं. सिमेंट वाळल्यावर मी खुर्ची घेऊन दाराशी गेले. जीव मुठीत धरून चाक पुढे ढकललं. कसलाही धक्का लागला नाही. आपण दार ओलांडलं हे मला ओट्यावरचं ऊन अंगावर आलं तेव्हा कळलं. अक्का भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "जाय आता कुठी जायचं तठी."

कुठे जाणार? उतार अजून व्हायचा होता. तो झाला तोही पहिल्यांदा चुकीचा. सरळ गल्लीत उतरणारा, आखूड आणि ताठ. ह्यांनी मागून धरलं तर मी वर यायची. एकदा ते नसताना मी एकटीने प्रयत्न केला. अर्ध्यात हात सुटला आणि खुर्ची उलटी निघाली. गल्लीत समोर शेजाऱ्यांनी सरपणाला पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या, कपाशीची वाळलेली झाडं. मी पाठमोरी जाऊन त्यात घुसले. बायका ओरडत धावल्या. केसांत, लुगड्यात काटक्या, आणि मी हसत होते. त्यांना वाटलं डोक्याला मार लागला. पण इतक्या महिन्यांनी मी कुणी न नेता कुठेतरी गेले होते, मग उलटी का होईना.

उतार लांब करायला गल्लीत जागा नव्हती. जागा होती ती ओट्यातच. भिंतीच्या कडेने ओटा तोडत तोडत खाली आणायचा, म्हणजे अक्कांची रोजची बसायची जागा जाणार. मी ते बोलायला कचरत होते. अक्का म्हणाल्या, "मी सांगलं व्हतं ना, ओटा तोडा म्हनून. मंग?" ओटा तुटला. नवा उतार इतका सौम्य झाला की मी एका दमात वर यायला लागले. ह्यांनी कारखान्यातून सुटल्यावर पाइप वाकवून, झाळून कडेला कठडा केला. संडासातही त्यांनीच पाइपची खुर्ची बनवली, बैठकीला मधोमध भोक आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पहिल्या दिवशी मी आत गेले, कडी लावली आणि कितीतरी वेळ बसून राहिले. बाहेरून अक्का विचारत होत्या, "झालं का गं? येऊ का?" मी आतून म्हणाले, "नका येऊ." ते दोन शब्द उच्चारताना मला जे वाटलं ते मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. ज्याची कडी कुणी कधी काढून घेतली नाही त्याला ते कळायचं नाही.

स्वयंपाकघर शेवटी झालं. विटांच्या दोन खांबांवर शहाबादी फरशी टाकली. खाली खुर्चीसकट गुडघे जातील एवढी जागा आणि वर चूल. त्यात माझी एक मोठी चूक झाली. एकदा भाकरी थापताना जळका वास आला. मी चुलीकडे बघितलं, तव्याकडे बघितलं. मग खाली बघितलं तर फरशीच्या कडेवरून निखारा पडला होता आणि माझं लुगडं आणि मांडी दोन्ही जळत होती. मला काहीच कळलं नव्हतं. ती जखम भरायला फार दिवस लागले. घरात सगळे घाबरले. हे म्हणाले, "राहू दे आता स्वयंपाक." मी म्हणाले, "पत्रा आणा." फरशीच्या कडेला वर वळवलेला पत्रा बसवला आणि मांडीवर जाड, ओलं पोतं घ्यायची सवय लावली. पुन्हा तसं झालं नाही.

पुढच्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरोघरी आमरस आणि मांडे. माझी नणंद आली होती. आदल्या दिवशी अक्का म्हणाल्या, "मांड्याले पलीकडच्या गल्लीतून बाई बोलावू."

मी म्हणाले, "मी करते."

नणंद म्हणाली, "वहिनी, कशाला ताण घेता?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग कणीक भिजवायला बसल्या.

अडचण हातांची नव्हती, पाठीची होती. मांडा झेलायला दोन्ही हात हवेत लागतात, आणि माझ्या धडाला आता तोल उरला नव्हता. हात वर केले की मी पुढे कोसळायची. मी अक्कांच्या जुन्या नऊवारीची पट्टी फाडून घेतली आणि मुलीला छातीखालून खुर्चीच्या पाठीला आवळून बांधायला सांगितली. "अजून घट्ट," मी म्हणत होते. "अजून."

पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर सोडताना दुमडला. स्वयंपाकघराच्या दारात, त्या पडद्यापाशी बायका जमून बघत होत्या, हे सगळ्यात वाईट. मी घाम पुसला, पट्टी जरा खाली घ्यायला लावली, खुर्ची बोटभर पुढे घेतली. तिसरा उंडा घेतला. तो हातांवर फिरायला लागला, मोठा होत गेला, कोपरांपर्यंत आला, पातळ झाला, त्यातून पलीकडचा जाळ दिसायला लागला. मी तो खापरावर सोडला. तो सगळीकडून सारखा पसरला आणि भाजून फुगला.

अक्का पुढे आल्या. त्यांनी तो उतरवला, घडी केली आणि देवापुढे ठेवायला घेऊन गेल्या. परत येऊन दारातल्या बायकांना म्हणाल्या, "उभ्या काय राह्यल्या? उंडे करू लागा. ती थांबाची नही आता." त्या दिवशी मी दुपारपर्यंत थांबले नाही. शेजारची दोन घरंही पुरणाची पातेली घेऊन आली.

त्यानंतर मी घरात बसले नाही. गिरणीत दळण, शाळेत मुलांच्या सभेला, बाजारात, खुर्चीवर पिशवी अडकवून मी जायची. आधी लोक थांबून बघायचे, मग बघेनासे झाले. अक्का उताराच्या कठड्याला धरून सावकाश खाली उतरायच्या, आणि पायऱ्या होत्या तेव्हापेक्षा जास्त फिरायच्या. गल्लीतली म्हातारी माणसं आमच्या उतारावर येऊन बसायची.

आणि मग दुसरे लोक घर बघायला यायला लागले. कुणीतरी कुणाला सांगितलेलं असायचं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून एक बाई आल्या, त्यांचे यजमान रुळांजवळ पडले होते. धुळ्याकडून एक बापलेक आले. मी त्यांना सगळं दाखवायची. मोरी, संडासातली खुर्ची, पत्रा, आणि मुद्दाम तो पहिला ताठ उतार कुठे होता ते, म्हणजे त्यांनी तसा करू नये. बोलावलं तर मी त्यांच्या घरीही जायची. हे बरोबर असायचे.

नव्वद साल उलटल्यावरची गोष्ट. जामनेरकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. तिचा नवरा शेळ्यांसाठी पाला तोडताना कडुलिंबाच्या झाडावरून पडला होता. तरणाताठा शेतकरी. वर्ष झालं, तो भिंतीकडे तोंड करून पडून होता आणि कुणाशी बोलत नव्हता. मी गेले. त्यांच्या घरालाही उंच पायऱ्या होत्या, चौघांनी मला उचलून आत नेलं. तो वळला नाही.

मी त्याला बरं वाटेल असं काही बोलले नाही. म्हणाले, "भाऊ, मला इथे चौघांनी उचलून आणलं. मला ते आवडत नाही. पुढच्या वेळी मी आपली आपण येणार. दार किती रुंद करायचं ते तुम्ही सांगा, तुमची खुर्ची तुम्हाला माहीत."

 त्याची बायको पदराशी चाळा करत होती. मग भिंतीकडूनच आवाज आला, "खुर्ची हाये कुठी? गोठ्यात पडेल हाये."

"मग ती आणायला सांगा," मी म्हणाले.

त्याने सांगितलं. बायकोने आणली, पुसली. मी त्याला फळीवरून सरकायचं दाखवलं. दोनदा त्याला जमलं नाही, तिसऱ्यांदा तो बसला, आणि बसल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. दारं मोजायला गावातला गवंडी बोलावला, तर तो त्याच्याशी मापांवरून भांडला. त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कळलं की हे घर आता होणार.

पावसाळा संपल्यावर त्यांचा निरोप आला. आम्ही एसटीने गेलो. ह्यांनी मला उतरवून खुर्चीत बसवलं आणि सवयीने मागचे दांडे धरले. मी म्हणाले, "सोडा." त्या घराच्या पायऱ्या गेल्या होत्या. तिथे लांब, सौम्य उतार होता, अजून सिमेंटचा वास असलेला. वर दारात तो खुर्चीत बसला होता, दाढी केलेली, टोपी घातलेली.

"या ताई," तो म्हणाला. "कोणी हात लावू नका रे त्याहीले."

मी चाकांवर हात ठेवले आणि वर गेले.